आमच्याकडे गौरी खिडकीतून येते

आमच्या घरी रविवार शुक्रवारी यायचा. अंबरनाथच्या कारखान्यांना आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असे, आणि बाबांना सुट्टी तो रविवार, असं आमच्याकडे कुणी न ठरवताच ठरून गेलं होतं. शुक्रवारी सकाळी स्टोव्हवर जास्तीचं पाणी चढायचं, न्हाणीघरातून शिकेकाईचा वास यायचा, बाबा दारात पाट टाकून सावकाश दाढी करत बसायचे आणि दुपारी मटण असायचं. आईचा देवीचा उपास खरं तर शुक्रवारचा. पण सगळ्यांना मटण वाढून स्वतः उपाशी कोण बसणार, म्हणून तिनं तो मंगळवारी हलवला होता. देवीला तसं सांगून ठेवलंय, असं ती म्हणायची. कॅलेंडरातला रविवार मात्र आमच्याकडे कसाबसा उजाडायचा. शाळा नाही, बाबा नाहीत, आणि जेवायला वरणभात. दुसरीत असताना बाईंनी मला विचारलं, रविवारनंतर कोणता वार येतो, आणि मी मोठ्या आवाजात ‘शनिवार’ म्हणून सांगितलं. वर्ग हसला, बाईंनी कान धरला, मी रडत घरी आले. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुझं काही चुकलं नाही. शाळेत त्यांचा रविवार सांगायचा, घरी आपला.” पुढे तीस वर्षं मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवलं. त्यातला एक मोठा धडा मला दुसरीतच मिळाला होता, हे कळायला बरीच वर्षं गेली.

हे प्रकरण मात्र रविवारचं नाही, गौरीचं आहे. त्या आधी आमचं घर सांगायला हवं.

आम्ही बदलापूरला कात्रपमध्ये राहायला आलो तेव्हा मी आठवीत होते. चार मजली इमारत, आमची जागा तळमजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि घराला दार एकच. स्वयंपाकघराच्या खिडकीमागे मोकळी जागा, तिथे एक नळ, त्यापलीकडे वनितामावशींचं शेत. वनितामावशी तिथल्या मूळच्या. त्यांच्या सासऱ्यांच्या जमिनीवरच आमची इमारत उभी होती, त्यामुळे इमारतीत कुणाकडे काय शिजतंय हे विचारायचा आपल्याला हक्क आहे असं त्या धरून चालत. सकाळ झाली की एकामागून एक कुकरच्या शिट्ट्या, नळावर बादल्यांचा खणखणाट, वरच्या मजल्यावर कुणाचं तरी खलबत्त्यात लसूण कुटणं. अंबरनाथला आमच्या पहिल्या जागेत कारखान्याचा भोंगा ऐकू यायचा. कात्रपला तो येत नव्हता, तरी बाबा बरोबर भोंग्याच्या वेळेला उठून बसायचे. त्यांच्या शर्टाला कारखान्यातल्या औषधाचा एक उग्र वास असायचा, कितीही धुतला तरी न जाणारा. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्या बाबांना तो येतो.

या घरात आईचं राज्य होतं आणि त्या राज्याची घटना एका वाक्याची होती: “आमच्याकडे असंच असतं.” दिवाळीच्या पहिल्या दिवशी कडू कारीट डाव्या पायाच्या अंगठ्यानं का फोडायचं, तर आमच्याकडे असंच असतं. श्रावणात वांगं का नाही, पण वांग्याचे काप का चालतात, तर आमच्याकडे असंच असतं. आणि गौरी पुढच्या दारानं का येत नाही, तर आमच्याकडे ती मागून येते. अंबरनाथच्या जागेला मागे मोरीशेजारी दार होतं, तिथून ती यायची. कात्रपच्या घराला मागचं दारच नव्हतं. जागा पाहायला गेलो तेव्हा आईनं हवा पाहिली नाही, पाणी पाहिलं नाही. ती स्वयंपाकघरात गेली, खिडकीकडे बघत उभी राहिली आणि बाबांना म्हणाली, “ही मोठी आहे. होईल.”

काय होईल ते पहिल्या भाद्रपदात कळलं. बाबांनी अंबरनाथहून ओळखीचा वेल्डर आणला. खिडकीच्या ग्रिलचा खालचा भाग कापून तिथे बिजागऱ्या बसवायच्या आणि कडी लावायची, म्हणजे एक छोटं फाटक होईल, असं बाबांनी त्याला कागदावर काढून दाखवलं.

“कौन जाएगा इसमें से?” त्यानं विचारलं.

“एक बाई. वर्षातून एकदा,” बाबा म्हणाले. वेल्डरनं पुढे काही विचारलं नाही, पण काम करता करता तो मधूनच आईकडे बघत होता. सोसायटीचे सेक्रेटरी वर आले, म्हणजे खाली आले, आणि बाहेरची बाजू बदलायला परवानगी लागते म्हणाले. आईनं त्यांना चहा दिला आणि अगदी शांतपणे विचारलं, “तुमच्याकडे गौरी नसतात वाटतं?” ते चहा पिऊन निघून गेले. आता विचार करते तेव्हा वाटतं, परवानगीच्या अर्जापेक्षा हे वाक्य कितीतरी भक्कम होतं.

खिडकी ओट्याच्या वर होती. त्यामुळे आमची गौरी बाहेरून स्टुलावर चढायची, फाटकातून वाकून आत यायची, ती थेट ओट्यावर. तिथून पाटावर आणि पाटावरून जमिनीवर. त्या दिवशी गॅसची शेगडी बाजूला काढून ओटा चिंचेनं घासून काढायचा, आणि सिलिंडरच्या जागेपासून नळापर्यंत त्यावर कुंकवाची पावलं काढायची. गौर म्हणजे वनितामावशींच्या बांधावरच्या तेरड्याची मोळी, ती सुपात घेऊन पदराखाली झाकायची. आणणाऱ्या बाईनं तोंडात पाण्याची चूळ धरायची, म्हणजे बोलणं होत नाही, आणि मागे वळून बघायचं नाही. लग्न न झालेली मुलगीही चालते म्हणून ते काम माझ्याकडे होतं. वेणीत शेवंती, अंगात परकर-पोलकं, तोंड फुगलेलं, आणि मी खिडकीतून आत. इमारतीतली पोरं मागे गोळा व्हायची. वनितामावशी बांधावर उभ्या राहून म्हणायच्या, “तुमची गवर हुशार गो. पुरं दाराशी चपलांचा ढीग, म्हनून मांगशी येते.”

नैवेद्याचंही एक होतं. सोळा भाज्यांत एक कमळकाकडी, कमळाचं ते भोकाभोकांचं मूळ, हवीच. ती बदलापूरला मिळायची नाही. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, दरवर्षी उल्हासनगरला कॅम्प एकच्या बाजारात जाऊन ती घेऊन यायचा. सिंधी भाजीवाल्याला तो मराठी मुलगा दर भाद्रपदात आठवायचा. “आ गया तुम्हारा देवी का टाइम?” असं विचारून तो हाताला लागतील त्यातल्या जाड काकड्या काढून द्यायचा.

दादाचं लग्न झालं आणि वृंदावहिनी घरात आली. कल्याणची मुलगी, विमा कचेरीत नोकरीला, बोलायला मोजकी. गौरीचं काम माझ्याकडून तिच्याकडे गेलं याचा मला थोडा राग होता, हे कबूल करते. आई तिला लग्न ठरल्यापासूनच शिकवत होती. साखरपुड्यानंतर पहिल्यांदा घरी आली तेव्हाच आईनं तिला खिडकी दाखवली. ग्रिलची कडी कशी काढायची, डावा पाय आधी की उजवा, सूप कुठल्या हातात, मागे का बघायचं नाही. वहिनी सगळं ऐकून फक्त “हो आई” म्हणाली. तिच्या माहेरी याची चेष्टा झाली असणार, पण तिनं कधी बोलून दाखवलं नाही. आईला तिच्यापुढे फार ताठ राहावं लागायचं असं मला वाटे. सून नोकरी करणारी, इंग्रजीत फोनवर बोलणारी. तिला देण्यासारखं आपल्याकडे एवढंच आहे, अशी आईची समजूत होती. कुळाचार द्यायचा तर तो देणारीनं जपायला हवा, असं ती मला भाजी निवडताना सांगायची.

मी तेव्हा उल्हासनगरच्या कॅम्पातल्या कॉलेजात बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. समाजशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या मॅडम बारीक आवाजात बोलायच्या आणि फळ्यावर फार कमी लिहायच्या. एकदा त्यांनी फळ्यावर ‘समाजरचित’ एवढाच शब्द लिहिला आणि म्हणाल्या, “काही गोष्टी डोंगरासारख्या असतात. आपण मानलं नाही तरी असतात. काही गोष्टी आपण सगळ्यांनी मिळून मानल्या म्हणूनच असतात. पण त्यांच्यावर डोकं आपटलं तर दोन्हींनी सारखंच लागतं.” मी वर्गात माझा शुक्रवारचा रविवार सांगितला. मॅडमना तो इतका आवडला की माझी मान दिवसभर ताठ होती. त्यांनी काम दिलं: घरातली एक रीत घ्या, ती का आहे हे तीन माणसांना विचारा आणि लिहून आणा. मी अर्थातच खिडकी घेतली. आई म्हणाली, पूर्वापार आहे. बाबा म्हणाले, आईला विचार. तिसरं माणूस म्हणून मी गावाला मोठ्या काकूंना पत्र लिहिलं.

मोठ्या काकू म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. महाडकडे आमचं मूळ घर, तिथली गौर त्यांच्याकडे. बाबांना गणपतीत रजा मिळायची नाही म्हणून लग्नाच्या वर्षीच त्यांनी अंबरनाथला वेगळी गौर बसवली होती. त्यामुळे काकूंच्या गौरीला आम्ही कधी नव्हतो आणि आमच्या गौरीला त्या. एकाच दिवशी दोन्हीकडे सण, जाणार कोण? काकूंचं उत्तर अंतर्देशीय पत्रावर आलं. ‘चि. नीलास आशीर्वाद. तू लिहिलेस ते वाचून हसूच आले. आपल्यात खिडकी वगैरे काही नाही. गौर पुढल्या दाराने येते, उंबऱ्यावर तांदळाचे माप असते, ते ओलांडून येते. मागल्या बाजूस आपला गोठा आहे, तिकडून कोण देवी आणील? यंदा घरची गौर सूनबाई करणार आहे, मी मोकळी आहे. तुमच्या नव्या सुनेची पहिली गौर बघायला मी येत्ये.’

हे पत्र मी समाजशास्त्राच्या पुस्तकात लपवलं. मी एका निबंधासाठी आईचा कुळाचार उघडा पाडला होता, आणि तो कुणासमोर, तर जिच्यासाठी ती तो एवढा जपत होती त्या सुनेसमोर पडणार होता. शेवटी गौरीच्या आदल्या दिवशी दुपारी, आई अळूची पानं पुसत बसली होती, तेव्हा मी पत्र तिच्या पुढ्यात ठेवलं. तिनं हात पुसले, चष्मा लावला, सावकाश वाचलं, घडी घातली. मला वाटलं आता रागावेल.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली.

“काय माहीत आहे?”

“पुढच्या दारानं येते ते. माझ्या माहेरीही पुढच्याच दारानं यायची.” तिनं पुन्हा एक पान उचललं. “सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या. लग्न झालं आणि तिसऱ्या दिवशी मी अंबरनाथला. जाऊबाईंना विचारायला गेले तर म्हणाल्या, तुला काय करायचंय, तिकडे कारखान्यात कुठल्या गौरी. मग मी हट्टानं बसवली. पण आपल्या पुढच्या दाराशी दादांनी कपाट ठेवलं होतं.”

हे दादा म्हणजे माझा भाऊ नव्हे, आमचे अंबरनाथचे घरमालक, सिंधी गृहस्थ. उल्हासनगरला त्यांचं फर्निचरचं दुकान होतं आणि दुकानात न मावलेला माल ते आमच्या समाईक ओसरीत ठेवत. त्या वर्षी लग्नासाठी बनवलेलं आरशाचं मोठं कपाट होतं. लग्न मोडलं, गिऱ्हाईक आलं नाही, आणि कपाट आमचं दार अडवून महिनाभर उभं राहिलं. आत-बाहेर करायला आम्हाला मागचं दार, मग गौरीलाही तेच. सोळावी भाजी मिळाली नाही तेव्हा घरमालकीणबाईंनी आपल्या घरची कमळकाकडी आणून दिली.

“पुढच्या वर्षी कपाट गेलं होतं ना?” मी विचारलं.

“गेलं होतं. पण मधे तुझा दादा झाला होता. सगळं नीट पार पडलं होतं. बदलायची भीती वाटली. शेजारच्या बाईनं विचारलं, अहो मागून का? तर मी म्हटलं, आमच्याकडे असंच असतं. एकदा बोलून बसले. मग तेच झालं.” पत्र तिनं माझ्याकडे सरकवलं. “वृंदाला काही सांगू नकोस. उद्या जाऊबाई बोलल्या तर बोलल्या. माझं मी बघेन.” तिचे हात चालूच होते, पण एकच पान ती तीनदा पुसत होती.

मला त्या वेळी आईची लाज वाटली नाही, हे मुद्दाम लिहिते. दया आली, आणि तिचा अभिमानही वाटला. विशीतली एक मुलगी, अनोळखी गावात, दाराशी दुसऱ्याच्या लग्नाचं कपाट, आणि तिनं त्यातून वाट काढून देवी घरात आणली होती.

काकू दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या. भारी अंगाच्या, गुडघ्यांनी बेजार, आवाज शेताच्या दुसऱ्या टोकाला पोचेल असा. आल्या आल्या सगळं घर पाहिलं, देवघराला हात जोडले, वहिनीची हनुवटी धरून “बरी हाय गो” म्हणाल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. आईनं त्यांना चहा दिला. दोघी एकमेकींच्या तब्येतीचं बोलत होत्या. खिडकीचं नाव कुणी काढत नव्हतं.

संध्याकाळी वहिनी आणि मी मागच्या बाजूला गेलो. ती हिरव्या नऊवारीत होती, डोक्यावर पदर, सुपात तेरडा, तोंडात पाणी. माझ्या हातात ताट आणि पळी. बांधावर वनितामावशी, नळापाशी पोरं, वरच्या गॅलऱ्यांत बायका. आत बाबांनी कडी काढून फाटक उघडून धरलं. दादा वहिनीला हात द्यायला ओट्याशी उभा होता. आई कुंकवाची वाटी घेऊन तयार होती. मी ताट वाजवलं.

“गौरी आली?” आईनं आतून विचारलं.

“आली,” मी म्हणाले.

“कशाच्या पावलानं आली?”

“सोन्याच्या पावलानं आली.”

वहिनीनं स्टुलावर पाय ठेवला, आणि आतून काकूंचा आवाज आला. “थांबा गो. हितून काय आणता? आपल्याकडं गौर पुढल्या दारानं येते. मी लिवलं होतं नीलीला.”

ताट माझ्या हातात गप्प झालं. मला फाटकाच्या चौकटीतून आई दिसत होती. तिचा कुंकवानं भरलेला हात ओट्यावर तसाच राहिला होता. मी तिला ओळखत होते, ती काहीतरी निभावून नेईल असं मला वाटलं. पण ती वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “हो जाऊबाई. पुढच्याच दारानं येते. ही रीत मी केलेली आहे. मला सांगायला कुणी नव्हतं, आणि दाराशी कपाट होतं.” मग तिनं खिडकीकडे पाहिलं. “वृंदा, तू पुढून ये बाळ. मी तुला चुकीचं शिकवलं.”

बाबांनी फाटकावरचा हात काढला नाही, पण त्यांची नजर खाली गेली.

वहिनीच्या तोंडात पाणी होतं. ती बोलू शकत नव्हती, विचारू शकत नव्हती. एक पाय स्टुलावर, एक चिखलात. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, काकूंकडे पाहिलं नाही. तिनं सूप डाव्या हातात घट्ट धरलं, उजवा हात दादाकडे केला, आणि ती स्टुलावर चढली. मी तिला मागून आधार दिला. ती वाकून फाटकातून आत गेली आणि ओट्यावर उभी राहिली, वर माळा होता म्हणून मान तिरपी करून. मग तिनं आईच्या पुढ्यात पाऊल केलं, कुंकू लावायला, जसं शिकवलं होतं तसं.

वाटी हातात घेऊन आई नुसती त्या पावलाकडे बघत राहिली. तेवढ्यात खुर्ची करकरली. काकू गुडघ्यावर हात देत उठल्या. “अगो बघत्येस काय?” त्या आईला म्हणाल्या. “गौरीला ओट्यावर ताटकळत ठेवतात होय? दूध कुठंय? आण हिकडं.” आणि त्यांनी स्वतःच तांब्या उचलून, ओट्यावर उभ्या असलेल्या वहिनीच्या पायांवर दूध-पाणी घातलं. ते ओट्यावरून वाहत आलं, गॅसच्या नळीवरून खाली गेलं, काकूंच्या लुगड्यावर पडलं. आईनं कुंकू लावलं. मी बाहेरून ताट इतक्या जोरात वाजवलं की पळीचा दांडा वाकला. ती पळी अजून आहे.

चूळ थुंकून झाल्यावर, भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवून झाल्यावर, आईनं वहिनीला विचारलंच. “अगं, मी सांगितलं होतं ना पुढून ये म्हणून?”

“आई, पुढे जायचं तर मागे वळावं लागलं असतं,” वहिनी भाकरी मोडत म्हणाली. “आणि मागे वळायचं नाही असं तुम्हीच सांगितलंय.”

ती हे खरंच म्हणत होती की मस्करीत, हे मला तेव्हाही कळलं नाही. मी तिला नंतर दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तिनं मला कांदे चिरायला बसवलं. आई मात्र हसली, आणि हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. काकू म्हणाल्या, “ते मापाचं तेवढं ध्यानात ठेवा. उंबरा नाय तर ओट्याच्या काठाला ठेवा. ते पायजेलच.” दुसऱ्या दिवशी पानात कमळकाकडी आली तेव्हा त्यांनी ती उचलून उजेडात धरली. “ह्ये काय, चाळण शिजवलीस काय?” पण तीनदा मागून घेतली, आणि परत जाताना दादाला कॅम्पात पाठवून पिशवीभर गावाला नेली. मॅडमना मी निबंध दिला तो दुसऱ्याच कशावर तरी. खिडकीबद्दल लिहायला घेतलं तर प्रत्येक वेळी शेवटी आईचा तो ओट्यावर थांबलेला हात यायचा, आणि त्याला काय नाव द्यावं ते माझ्या पुस्तकात नव्हतं. पुढे वर्गात मी ‘समाजरचित’ ही संकल्पना शिकवायचे तेव्हा मुलं हमखास विचारायची, म्हणजे मॅडम, ते सगळं खोटंच ना? मी म्हणायचे, घर बांधलेलं असतं म्हणून खोटं असतं का? त्यांचं समाधान व्हायचं की नाही ठाऊक नाही. माझं व्हायचं.

आता ती इमारत नाही. तिच्या जागी उंच टॉवर झाला आहे, दादा-वहिनीची जागा सातव्या मजल्यावर. बाबा गेले, आई गेली, काकूही गेल्या. वनितामावशींच्या शेतात गाड्या उभ्या असतात, तेरडा कुळगावच्या बाजारातून येतो. जुनी इमारत पाडताना भंगारवाला सगळी ग्रिलं घेऊन चालला होता. वहिनीनं त्याला थांबवलं, ते छोटं फाटक चौकटीसकट त्याच्याकडून परत घेतलं आणि रिक्षात मांडीवर धरून आणलं. सातव्या मजल्यावर खिडकीतून कोण येणार? तर गौरीच्या दिवशी दोन माणसांनी ते फाटक उघडून ओट्यापुढे उभं धरायचं, गौर आणणारीनं त्यातून वाकून ओट्यावर चढायचं, ओट्याच्या काठावरचं तांदळाचं माप ओलांडायचं आणि पलीकडून उतरायचं. मी दरवर्षी माहेरवाशीण म्हणून जाते आणि फाटकाची एक बाजू धरते. दुसरी दादा धरतो. त्याचे गुडघे आता काकूंसारखे झालेत.

गेल्या वर्षी भाच्याची, म्हणजे दादाच्या मुलाची, बायको इरा हिची पहिली गौर होती. पुण्याची मुलगी, कॉम्प्युटरवाली, हुशार. सूप हातात घेऊन ती फाटकाकडे, ओट्याकडे आणि मग माझ्याकडे बघू लागली.

“आत्या, तुम्ही तर हेच शिकवायचात ना?” ती म्हणाली. “हे असं का करतात?”

माझ्याकडे सगळं उत्तर तयार होतं. कपाट, मोडलेलं लग्न, बंद दार, हट्टाला पेटलेली विशीतली एक मुलगी. ओट्यापलीकडे वहिनी कुंकवाची वाटी घेऊन उभी होती. तिचे केस पूर्ण पांढरे झालेत. ती माझ्याकडे बघत होती, आणि ती काय म्हणणार हे मला अगदी शब्दाला शब्द माहीत होतं.

“सगळं सांगते,” मी इराला म्हणाले. “आधी तोंडात पाणी घे.”

तिनं चूळ भरली. गाल फुगवून, डोळे मोठे करून ती उभी राहिली. मी फाटक घट्ट धरलं.

“गौरी आली?” वहिनीनं विचारलं, हुबेहूब आईच्या आवाजात.

“आली,” मी म्हणाले.